काकूंची रात्रपाळी

गोदामावर रात्रपाळी करायची म्हणजे आधी झोपेशी भांडण. त्यात बाकीचे वॉचमन चांगले मुरलेले होते. मागच्या फाटकावरचा पैलवान तर उभ्याउभ्या डुलकी काढायचा. सुपरवायझर तपासणीला निघाले, की एकमेकांना मिस्ड कॉल जायचे आणि सगळे खडबडून जागे व्हायचे.

काकूंना मात्र असा कॉल कुणी देणार नव्हतं. रात्रपाळीला बाई कशी टिकते, हे सगळ्यांना बघायचं होतं. सुपरवायझरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "आठवडाभर बघतो. एकदा जरी डोळा लागलेला दिसला, तर परत दिवसपाळी."

दिवसपाळी काकूंना चालणारच नव्हती. सासूबाई आता अंथरुणाला खिळलेल्या आणि नवरा दिवसभर कामावर. थोरल्या दिरांनी आईला न्यायची तयारी दाखवली होती, पण इतक्या आंबट तोंडाने की सासूबाई भिंतीकडे वळून रडल्या. "मला तिकडे धाडू नकोस गं," एवढंच म्हणाल्या.

म्हणून काकू रात्रभर बूड टेकायच्या नाहीत. फाटक, शेड, पाण्याची टाकी, पुन्हा फाटक. झोप फारच अंगावर आली की मनातल्या मनात थोरल्या जावेची उणीदुणी काढायच्या. रागाने डोळे टक्क उघडे राहायचे.

शेवटच्या रात्री सुपरवायझर दबक्या पावलांनी आले. केबिन रिकामी. बाई कुठेतरी आडवी झाली असणार, या आनंदात त्यांनी दिवा मालवला आणि तिला पकडायला तिच्याच खुर्चीत बसले. पण साहेब होण्याआधी त्यांनीही अर्धं आयुष्य अशाच खुर्चीत काढलेलं. अंगाला सगळं पाठ होतं. हात आपोआप वर गेला आणि टोपी डोळ्यांवर आली.

काकू फेरी मारून आल्या तर केबिनमध्ये घोरणं चाललेलं. टॉर्च मारला. साहेब, तोंड सताड उघडं. काकू तोंड दाबून पार शेडमागे गेल्या आणि पोटभर हसून आल्या. मग फेऱ्या चालूच ठेवल्या. उजाडल्यावर त्यांनी दार वाजवलं.

"साहेब, उठा. दिवसपाळीवाले येतायत."

साहेब धडपडत उठले. "मी झोपलो नव्हतो."

"नाही हो. नुसते घोरत होतात."

साहेबांनी टोपी नीट केली, इकडेतिकडे पाहिलं. "काकू, कुणाला बोलू नका."

"छे, कशाला बोलू? माझ्या रात्रपाळीचं तेवढं सांगा."

"तुमचीच. कायमची."

शब्द दिला होता खरा, पण सासूबाईंना सांगितल्यावाचून काकूंना राहवेना. सासूबाई ठसका लागेपर्यंत हसल्या. "आता तुम्हाला इथून कोण हलवतंय तेच बघते," असं म्हणत काकू त्यांच्या पायाशीच आडव्या झाल्या आणि क्षणात गाढ झोपल्या.

त्या दिवशी जो जो दाराशी आला, त्याला सासूबाईंनी अंथरुणातूनच दटावलं, "हळू बोला. आमची वॉचमन झोपलीय."