मास्तरांचं राहून गेलेलं माप

मित्रांनो, मी एक जुनी, नकली स्पोर्ट्‌स गाडी आहे. नकली म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका, आधी ऐकून तर घ्या! फार वर्षांपूर्वी शर्यतीत पळणारी एक देखणी गाडी होती, दोनच माणसांची, उघडी. तिच्यावरून माझं फायबरचं अंग बेतलेलं आहे. आतला सांगाडा आणि इंजिन मात्र एका साध्या घरगुती गाडीचं. म्हणजे थाट राजकन्येचा आणि हाडं कारकुनाची!

माझ्या पहिल्या मालकाने मला अर्धवट जोडलं आणि हात टेकले. मग सात वर्षं मी एका रंगाच्या दुकानामागे पत्र्याखाली पडून होते. लोक माझ्या बोनेटवर रिकामे डबे ठेवत. तक्रार तरी कुणाकडे करणार?

एके दिवशी तिथे शिंपीमास्तर आले. चाळीस वर्षं दुकान चालवून त्यांनी नुकतीच कात्री खाली ठेवली होती. लग्न झालं तेव्हा त्यांनी बायकोला शब्द दिला होता, की तुला अशा गाडीतून समुद्राच्या रस्त्याने फिरवीन. काकूंचा सगळा संसार सायकलच्या कॅरिअरवर बसून झाला, पण तो शब्द दोघांपैकी कुणीही विसरलं नव्हतं.

मास्तरांनी आधी एक आरशासारखी चकचकीत गाडी पाहिली होती. सोबत त्यांचा मेव्हणा होता, वेल्डिंगचं काम करणारा. तो म्हणाला, "भाऊजी, तीच घ्या. हे भंगार कशाला गळ्यात बांधून घेता?"

"अरे, कपडा नेहमी उलटा करून बघावा," मास्तर म्हणाले. "तिच्या खाली वाकून पाहिलंस? गंजावर नुसती पुट्टी थापलीय. हिचा गंज समोर तरी दिसतोय. कापून काढता येईल." आणि चांगल्या कपड्यांनिशी ते माझ्याखाली आडवे झाले. एकेक जोड बोटांनी चाचपून त्यांनी मला निवडलं. त्या दिवशी मला काय वाटलं म्हणून सांगू! इतक्या वर्षांत मला कुणी हात लावला होता तो डबा ठेवायला.

पुढची दोन वर्षं दोघे माझ्यामागे राबले. मेव्हण्याने सांगाड्याची सडलेली पट्टी कापून नवी जोडली, इंजिन खोलून धुतलं. दारं मास्तरांनी केली. पण शिंप्याचा हात तो! चारी बाजूंनी त्यांनी बोटभर जादा ठेवलं आणि दार काही लागेना. "भाऊजी, हा काय सदरा आहे, जादाचं शिलाईत दाबून टाकायला?" मेव्हणा पोट धरून हसला. मास्तर चार दिवस कानस घासत बसले. सीटची शिलाई मात्र अशी झाली, की टाका शोधून सापडू नये.

काकूंना गॅरेजमध्ये यायची बंदी होती. त्यांना चकित करायचं होतं ना! "तेलाचे डाग मीच धुते हो, मला काय कळत नाही?" त्या दाराबाहेरून म्हणत. पण आत डोकावल्या नाहीत.

शेवटी तो दिवस आला. काकूंनी माझ्या हिरव्या रंगावरून हात फिरवला. त्यांचे डोळे भरून आले. मग त्या बसायला गेल्या. मी जमिनीला टेकलेली, माझ्या दाराखालचा काठ उंच, आणि काकूंच्या खुब्याचं आदल्याच वर्षी ऑपरेशन झालेलं. एकदा पाय उचलला, दोनदा उचलला. तिसऱ्यांदा ओठ घट्ट दाबले आणि मग हसून म्हणाल्या, "राहू द्या हो. तुम्ही चालवा, मी फाटकातून बघेन."

मास्तर स्टुलावर बसले. "अख्ख्या गावाची मापं घेतली मी," ते म्हणाले, "आणि तुझंच घ्यायचं राहिलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या डौलापायीच त्यांना बसता येत नव्हतं.

"काठ कापून खाली घेऊ, सीट वर उचलू," मेव्हणा हळूच म्हणाला. "पण मग ती अस्सलसारखी दिसणार नाही. जाणकार हसतील."

"हसू देत." मास्तरांनी त्याच स्टुलावर काकूंना बसवलं आणि टेप काढली.

करवत लागली तेव्हा माझ्या काळजात धस्स झालं, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, अस्सल गाडीला कुणी करवत लावू दिली असती का? मी नकली होते म्हणून तर हे जमलं! तेव्हापासून मला नकली असण्याचं कधी वाईट वाटलं नाही.

महिन्याभराने काकू पुन्हा आल्या. पाठमोऱ्या वळल्या, सीटवर टेकल्या, मग एकेक पाय आत घेतला, कुणाचाही हात न धरता. दार ओढून घेतलं आणि म्हणाल्या, "अहो, बघत काय उभे राहिलात? चला!"

समुद्राच्या रस्त्यावर एका जाणकाराने आम्हाला थांबवलंच. "अस्सल गाडीचं दार असं नसतं, बरं का!"

"नसेल," काकू म्हणाल्या. "पण ती माझ्या मापाची कुठे आहे?"

मित्रांनो, मी या तिघांची जन्माची ऋणी आहे, म्हणून एवढंच सांगते. गाड्यांना तेलपाणी करा, गंज वेळीच काढा. आणि आपल्या माणसासाठी काही मोठं करायला निघालात, तर त्याला दाराबाहेर उभं करू नका. आत बोलवा, जवळ बसवा आणि कुठे दुखतंय ते आधी विचारा.