भिंतीच्या अलीकडचं बटण

नऊ वर्षांत ती एकही रात्र घराबाहेर झोपली नव्हती, आणि त्याला कारण होतं बोराएवढं एक लाल बटण.

घराच्या मागच्या खोलीत नवऱ्याचा अंडी उबवायचा धंदा. धंदा नवऱ्याचा, खोली तिची. ही वाटणी कुणी केली नव्हती, पण झाली होती. दर आठवड्याला नवी अंडी आत, एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर, त्यामुळे खोली कधी रिकामी म्हणून नाही. वीज कमीजास्त झाली की पंखा मंदावायचा, हीटरपाशी ऊब कोंडायची आणि उष्णतेचा स्विच हीटर बंद करून टाकायचा. मग कुणीतरी आत जाऊन पंखा फिरतोय ना ते बघायचं आणि लाल बटण दाबायचं. हे कुणीतरी म्हणजे कोण, ते सांगायला नको.

यंदा ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. "आठच दिवस ये गं. तू असलीस की मला भीती नाही," ताई फोनवर म्हणाली. नेमका त्याच आठवड्यात जुना स्विच जळला. वायरमनने टेबलावर दोन नवे मांडले.

"वहिनी, हा गार झाला की आपला आपण चालू होतो. हा दुसरा मात्र बटण दाबल्याशिवाय हलत नाही."

तिचा हात पहिल्याकडे गेलासुद्धा. एवढीशी ती डबी, आणि तिच्यात आठ दिवस मावत होते.

"घ्या की," वायरमन म्हणाला. "पण पंखा पुरताच बंद पडला, तर हा हीटर बंद-चालू, बंद-चालू करत बसणार. तुम्ही तिकडे बहिणीकडे, आणि इकडे आग लागेपर्यंत कुणाला पत्ता नाही."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! तिला रडूच यायला लागलं. तेवढ्यात दुसऱ्या स्विचला गुंडाळलेली तांब्याची बारीक नळी तिला दिसली.

"ही कशाला?"

"नळीचं टोक गरम जागी ठेवायचं. डबी दीड मीटर लांब बसवली तरी चालते."

तिने अंड्यांच्या खोलीच्या भिंतीकडे पाहिलं. भिंतीच्या अलीकडे नवऱ्याची आरामखुर्ची होती, आणि खुर्चीच्या वरच पलीकडचा पंखा दिसेल अशी काच.

"मग डबी इथे बसवा. यांच्या हाताशी."

नवरा खूश झाला. वायरमनने हौसेने, हीटर बंद पडला की वाजणारी एक घंटीही जोडून दिली. नवऱ्याने काचेतून पंखा बघितला, बटण दोनदा दाबून पाहिलं आणि म्हणाला, "हात्तिच्या! एवढ्यासाठी तू घरात अडकून बसली होतीस? जा खुशाल ताईकडे." तिने त्याच दुपारी बॅग भरली.

जायच्या आदल्या दिवशी, दुपारच्या बातम्या चालू असताना, घंटी वाजली. ती स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. ती जागची हलली नाही.

"अगं, घंटी वाजतेय!"

"तुम्ही दाबा ना! हाताशीच आहे."

"हो, हो. दाबतो."

घंटी वाजतच राहिली. नवऱ्याने टीव्हीचा आवाज वाढवला. तो काही दुष्ट माणूस नव्हता हो. घरात काहीही वाजलं की बायको उठते, एवढंच त्याच्या अंगवळणी पडलं होतं. तिने पुसलेली भांडी पुन्हा पुसली. अर्ध्या तासाने अंड्यांचं काही बिघडत नाही, हे तिला ठाऊक होतं. अर्धा तास गेला. मग आणखी दहा मिनिटं. कालच तिने दिव्यासमोर अंडी धरून आतली हालचाल पाहिली होती. परवा बाहेर येणारी तीनशे पिल्लं गारठत होती आणि ती एका माणसाची परीक्षा घेत बसली होती. तिला स्वतःचाच राग आला, आणि त्याचा तर आलाच.

हात पुसत ती बाहेर आली. वाटेत बॅग होती, तिला वळसा घालून खुर्चीपाशी गेली. काचेतून पाहिलं. पंखा फिरत होता.

बटण दाबायला ती वाकली, तेव्हा त्याने टीव्हीवरची नजर न काढता कोपर जरा बाजूला घेतलं, तिचा हात नीट पोचावा म्हणून.

"बघ," तो मायेने म्हणाला, "आता आतसुद्धा जावं लागत नाही. किती सोपं झालं तुला!"