गेजवरची काळी पट्टी

बाडूने जर्मनीहून पाठवलेल्या, नळ्यांतला दाब मोजणाऱ्या गेजच्या डाव्या अंगाला एक बारीक बटण होतं. ते दाबून धरलं की मिलिबारचा आकडा मायक्रॉनमध्ये बदलायचा. गेज हातात आलं त्याच आठवड्यात फ्रीज दुरुस्त करणाऱ्या सेर्वाला हे कळलं, आणि कळल्याबरोबर तिने त्या बटणावर काळी चिकटपट्टी लावून टाकली.

याला कोणी वेडेपणा म्हणेल. खुशाल म्हणावं. कुमासी शहराच्या मॅगझिनमध्ये, जिथे अख्खी वस्ती यंत्रं उघडून पोट भरते, तिथले फ्रीजवाले मायक्रॉनमध्येच बोलतात. नळ्यांतली हवा पंपाने ओढून काढायची, पाचशे मायक्रॉनपर्यंत खाली उतरवायची, मगच गॅस भरायचा. बाडूचं गेज पडलं मिलिबारवालं. त्यामुळे प्रत्येक कामाला सेर्वाला आकडा मायक्रॉनमध्ये किती होतो ते विचारायला डॉर्टमुंडला बाडूला फोन करावा लागे. निदान बाडूची तशी समजूत होती. मिलिबारला साडेसातशेने गुणलं की आपले मायक्रॉन येतात, हे तिला केव्हाच तोंडपाठ झालं होतं. पण तोंडपाठ असलेलं विचारायला फोन कसा करणार? म्हणून ती पट्टी.

बाडूच्या हाताखाली ती काम शिकली, त्या दुकानाचा एक नियम होता. व्हॉल्व्ह आवळून पंप थांबवला की कोणी जागचं उठायचं नाही. आकड्याकडे बघत बसायचं. गळती असेल तर आकडा चढतच राहतो, नुसती ओल राहिली असेल तर थोडा चढून थांबतो, आणि सगळं नीट असेल तर हलतही नाही. सुरुवातीला सेर्वाला त्या बसण्याचा भारी कंटाळा यायचा. पुढे पुढे मात्र त्या बसण्यासाठीच ती सकाळी लवकर आवरून निघू लागली. एकाच बाकावर बसून दोघं भाजलेले शेंगदाणे खायची आणि जगभराच्या गप्पा मारायची. तिथेच त्याने तिला सांगितलं होतं की जर्मनीत काम मिळालंय, नाताळला येतो आणि दारूच्या बाटल्या घेऊन काकांबरोबर तुझ्या घरचं दार ठोठावतो. मुलगी मागायची तर आमच्यात अशीच मागतात. त्यानंतर दोन नाताळ आले नि गेले. दुकान आता ती एकटी सांभाळत होती आणि दार काही कोणी ठोठावलं नव्हतं.

त्या दिवशी काम होतं आंटी फोसुआच्या फ्रीजरचं. आंटी मासे आणि केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उंडे, विकायची. जीभ तिखट, मन बरं. फ्रीजर दुरुस्त होईपर्यंत ती दुकानातच ठाण मांडून बसली होती. सेर्वाने फोन उचललेला पाहताच ती म्हणाली, "लाव बाई, लाव. तो तिकडे आकडे मोजतो आणि तू इथे वय मोजत बस."

सेर्वाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बाडूची तेव्हा जेवणाची सुट्टी असे, तो लगेच पडद्यावर आला. गालांवर थोडं मांस चढलं होतं. तिला आधी त्याचाच आनंद झाला आणि मग राग आला, की हे गाल तिच्या हातचं न खाता भरले.

"मास्टर, आकडा सांगते," ती म्हणाली.

"आधी माझं ऐक," तो घाईने म्हणाला. "दोन गोष्टी सांगायच्यात."

तारीख सांगणार, तिकीट काढलं असणार, असं तिच्या मनात येऊन गेलं. आंटी फोसुआनेही मासे निवडायचे थांबवले.

पण बाडू गेजबद्दल बोलू लागला. कामावर त्याला तसलंच गेज मिळालं होतं, त्याच्या डाव्या अंगाला बटण असतं, दाबून धरलं की थेट मायक्रॉन दिसतात. इतके दिवस तिला उगाच ताटकळत ठेवलं म्हणून त्याला वाईट वाटत होतं. आता तिचं काम त्याच्यावाचून अडणार नव्हतं.

"आणि दुसरी?" सेर्वाने विचारलं.

दुसरी गोष्ट त्याला सांगता येईना. तो चाचरत राहिला, मग एकदाचं सांगून टाकलं. जर्मनीत राहायच्या परवान्याचे कागद पुन्हा अडकले होते. ते हाती येण्याआधी देश सोडला तर परत घेणार नाहीत. याही नाताळला जमत नाही. म्हणजे पहिली गोष्ट ही दुसरीची सोय होती, तो आला नाही तरी तिचं काम अडू नये म्हणून. तिला हे इतकं लख्ख समजलं की रडूही आलं नाही.

"गेज दाखव," तो म्हणाला. "बटण कुठेय ते सांगतो."

तिने फोन गेजसमोर धरला.

"ही पट्टी कसली? फुटलंय का तिथे?"

"नाही."

"मग कोणी लावली?"

"मी लावली. गेज आलं त्याच आठवड्यात." "हिशेब मला येतो, बाडू. मला तू हवा होतास. कामाचं विचारलं की तू फोन उचलतोस. 'कसा आहेस' विचारलं की म्हणतोस, नंतर करतो."

बाडूच्या मागे कोणीतरी कपबश्या आवरत होतं. इकडे पंप चालूच होता; इतक्यात गेजवरचा आकडा हवा तितका खाली उतरला. सेर्वाने सवयीने व्हॉल्व्ह आवळला, पंप बंद केला आणि बाकावर बसली. तिकडे बाडूही भिंतीला टेकून बसला. त्याची सुट्टी संपली असावी, कारण कोणीतरी त्याला हाक मारली. तो उठला नाही. आकडा हलला नाही. आंटी फोसुआने नजर खाली घालून मासे निवडायला घेतले.

बऱ्याच वेळाने सेर्वाने पट्टीचं टोक नखाने सोडवायला घेतलं. आता तिचा उपयोग तरी काय होता?

"राहू दे," बाडू म्हणाला. "नीट दाबून बसव. आणि आकडा सांग."

"शून्य पॉइंट सदुसष्ट."

"थांब, हिशेब करतो," तो म्हणाला, आणि करत बसला. तिनेही घाई केली नाही.