घरच्या माणसावर हात चालत नाही

डॉ. बिंदुमाधवांचं तेरावं आटोपल्यावर चौथ्या दिवशी तुंगा आली. आठ वर्षं ती त्यांच्या हाताखाली शिकली होती.

"गोदाक्का, सरांची उपचाराची गादी आणि वह्या मला द्याल? लष्कर मोहल्ल्यात खोली घेतलीय. पेशंट विचारतायत."

डॉक्टरांच्या पत्नी गोदाबाई तिच्या लांब, कोरड्या बोटांकडे बघत राहिल्या.

साठ साली बिंदुमाधव लंडनहून ही विद्या घेऊन परतले होते. माणूस राग गिळतो, रडू गिळतो. ते स्नायूंत गोठून बसतं. श्वासानं आणि हातानं ते सोडवलं की अंगातली शक्ती पुन्हा वाहू लागते. ज्या मनोविश्लेषकाची ही विद्या, त्याची पुस्तकं अमेरिकेत सरकारनं जाळली होती. म्हैसुरात कोणी काही जाळलं नाही. 'बायकांच्या अंगाला हात लावतो' म्हणून नोकरी तेवढी गेली. गोदाबाईंनी शाळेत शिकवून घर चालवलं आणि टोमणे मारणाऱ्या प्रत्येकीला ठणकावलं. पुढच्या खोलीतून परक्या बायकांचं रडणं आलं, की मात्र त्या मोरीतला नळ मोठा सोडत.

एकदाच त्या म्हणाल्या होत्या, "मलाही करा की."

"घरच्या माणसावर हात चालत नाही."

विषय तिथंच संपला होता.

"देते," आता त्या तुंगाला म्हणाल्या. "आधी मला करून दाखव."

"अय्यो, तुम्हाला?"

"का? मला अंग नाही?"

त्या गादीवर आडव्या झाल्या. तुंगानं दोन्ही अंगठे त्यांच्या जबड्याच्या सांध्यावर टेकवले. "श्वास सोडा. आवाज आला तर येऊ द्या."

"ते असंच करायचे?"

"अगदी असंच."

"तुला?"

"शिकताना... हो."

नवऱ्याचा स्पर्श, आणि तो ह्या पोरीकडून उसना घ्यायचा!

तुंगा आपल्याच नादात बोलून गेली, "सर म्हणायचेच, गोदाच्या जबड्यात मोठी ओरड अडकलीय. ती माझ्या नावाची आहे, म्हणून हात लावायला भितो."

गोदाबाईंनी तिचे हात झिडकारले आणि त्या उठून बसल्या.

"हे तुला सांगितलं?"

"मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल..."

"हात लावले, ते सोसलं मी. माझ्याबद्दलचं बोलणंसुद्धा तुझ्याशीच? साकु, पुरे झालं. जा तू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गादी टांग्यातून पाठवून दिली. वह्या मात्र ठेवून घेतल्या आणि पानन्‌पान वाचल्या. कोणाचा श्वास कुठं अडतो, कोण कधी रडलं, सगळं होतं. गोदा हे नाव कुठंच नव्हतं.

महिन्याभरानं त्या लष्कर मोहल्ल्यातला अरुंद जिना चढून वर गेल्या. तुंगानं लगबगीनं गादीवरची चादर बदलली. गोदाबाई खुर्चीतच बसल्या.

"हात नंतर लाव," त्या म्हणाल्या. "आधी ते माझ्याबद्दल काय काय बोलले ते सांग. एक शब्दही स्वतःकडे ठेवू नकोस."