जुना फेकून दे

दादाला पाना कोणत्या बाजूने धरायचा हे कळत नाही, अशी घरात जुनी थट्टा होती. पण गाडीला काय झालं होतं हे तो छातीठोकपणे सांगायचा. "थर्मोस्टॅट अडकला," गेले दोन महिने भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्याने हेच ऐकवलं होतं. बाबांच्या छातीत कळ आली, त्यांना पिकअपमध्ये बसवून तो दवाखान्याकडे निघाला, चढावर गाडी उकळली, तीन तास रस्त्यात उभं राहावं लागलं आणि बाबा गाडीतच गेले. फोन करावा तर दादाचा बंद पडलेला, बाबांचा घरीच राहिलेला. लोक हळहळले, चहा प्याले आणि गेले.

आता त्याच गाडीतून, त्याच चढावरून, तो आईला कायमचा आपल्या घरी नेणार होता. आईने एकच अट घातली. "उकळणाऱ्या गाडीत मी पाय ठेवणार नाही." आई एकदा नाही म्हणाली की नाही. म्हणून दादाने गाडी धाकट्या बहिणीच्या, छोटीच्या, दारात आणून लावली आणि नव्या थर्मोस्टॅटचा खोका तिच्या हातात दिला.

"पाचपर्यंत होऊ दे. आणि जुना फेकून दे. बाबांसारखी भंगार साठवत बसू नकोस."

छोटी नावाचीच छोटी. चाळिशी उलटलेली, पंपदुरुस्तीचं दुकान चालवणारी. पाना धरायला बाबांनीच शिकवलं होतं तिला.

तिने इंजिन गार होऊ दिलं. इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटच्या टाकीवर बाबांनी आईच्या नेलपॉलिशने एक लाल रेघ मारून ठेवली होती. कूलंट त्या रेघेला बरोबर टेकलेलं होतं, रंगही हिरवागार. छोटी जरा थबकली. उकळलेली गाडी पाणी ओकते. मग वाटेत मिळेल ते पाणी भरावं लागतं आणि रंग फिका पडतो. भरलं असेल कोणाकडून तरी, असं स्वतःला समजावत तिने खाली घमेलं ठेवलं आणि कूलंट काढायला रेडिएटरचा नळ सोडला.

वरचा रबरी पाइप काढला, दोन बोल्ट सोडवून खिशात टाकले, झाकण उचललं. कागदाचं पॅकिंग फाटून हातात आलं. आत थर्मोस्टॅट बसला होता, जेमतेम तळहाताएवढा. इंजिन गार असेतो हा मिटलेला राहतो, तापलं की उघडतो आणि पाण्याला रेडिएटरकडे वाट देतो. बस, एवढंच त्याचं काम.

बाबांचा नियम होता की नवा भाग आधी उकळून बघायचा. दुकानदाराच्या शब्दावर गाडी चालत नसते. छोटीने गॅसवर पातेलं ठेवलं, वर आडवा चमचा टाकला आणि नवा थर्मोस्टॅट दोऱ्याने पाण्यात सोडला. शेजारी जुनाही सोडला. ज्याने बाबांना खाल्लं, तो पाण्यात कसा ढिम्म राहतो ते तिला डोळ्यांनी बघायचं होतं. तिचा त्याच्यावर खरोखर राग होता.

पाणी कुजबुजू लागलं. बुडबुडे आले. नवा हळूच उघडला.

त्याच्या शेजारी जुनाही उघडला.

तिने गॅस बंद केला. दोन्ही मिटले. पुन्हा पेटवला. दोन्ही उघडले. तिसऱ्यांदाही तेच झालं. हा अडकलाच नव्हता. कूलंटही रेघेवरच होतं, म्हणजे गाडी उकळलीच नव्हती. मग तीन तास दादा चढावर काय करत होता? शेजारी बाबा तडफडत होते आणि हा बसून राहिला होता. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, पण तो गोटा आपल्याच स्वयंपाकघरात येऊन पडेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

सकाळीच रिक्षाने आलेली आई बाहेरच्या खोलीत मांडीवर पिशवी घेऊन तयार बसली होती.

"आई, तुझा फोन कुठाय?"

"घरीच राहिला. दादा म्हणाला, तिकडे रेंज नसते, कशाला ओझं."

बाबांचाही फोन घरीच राहिला होता. तेवढ्यात फाटक वाजलं. साडेचारच झाले होते.

"झालं का?" दादा सरळ आत आला.

"नाही. आज नाही व्हायचं."

तो पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेला आणि पातेल्यापाशी थांबला. गॅस चालूच होता. दोन दोरे, दोन थर्मोस्टॅट.

"जुना फेकून दे म्हटलं होतं ना मी?" आवाज अगदी मऊ होता.

छोटी दारात उभी राहिली. दादा तिच्या पेटीपाशी वाकला. बारा पाने होते त्यात. त्याने न शोधता नेमका त्या बोल्टच्या मापाचा उचलला आणि सराईतासारखा धरला. आयुष्यभर घरात ज्या थट्टेवर सगळे हसले होते, ती छोटीच्या डोळ्यांसमोर संपली.

"बोल्ट दे. मी बसवतो."

खिशातल्या दोन बोल्टांवर तिने मूठ आवळली. "आई," ती ओरडली, "इकडे ये. पातेल्यात बघ."

आई आली. बाबांनी याच कामासाठी तिची किती पातेली काळी केली होती. तिने वाकून पाहिलं. वाफेने तिचा चष्मा धुरकटला. तो पुसून तिने पुन्हा पाहिलं.

"दोन्ही उघडलेत," ती म्हणाली.

मग तिने दादाकडे पाहिलं आणि हातातली पिशवी खाली ठेवली.

दादाने पाना खाली ठेवला नाही.