ओकदानच्या लाल बाह्या

ते १९९६ साल. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा होता आणि कोरियातल्या गांगनुंगमध्ये नळाचं पाणी अजून गोठायला लागलं नव्हतं, म्हणून गल्लीतल्या पाच घरांनी हिवाळ्याची किम्ची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, पिलन्योच्या अंगणात घालायची ठरवली. लांबट कोबीचे एकशे ऐंशी गड्डे मिठात मुरवून, तीनदा धुऊन, निथळत रचून ठेवलेले. पिलन्यो तेव्हा एकसष्टची होती. तिखट, लसूण, आलं, खारवलेली कोळंबी आणि ताज्या मासळीचे तुकडे मोठ्या परातीत तिने एकटीने कालवायचे आणि बाकीच्यांनी तो मसाला पानापानांत भरायचा, ही गल्लीची जुनी रीत.

दुपारी सगळ्यांनी ताज्या किम्चीत उकडलेलं डुकराचं मांस गुंडाळून खाल्लं, वर कच्ची कालवं. हसून हसून सगळ्याजणी बेजार झाल्या. पिलन्यो पुन्हा परातीपाशी बसली आणि तिच्या छातीखाली कुणीतरी लोणचं दाबायचा दगड ठेवल्यासारखं झालं. जबडा दुखायला लागला. एवढ्या थंडीत तिला घाम फुटला.

“अन्न अडकलंय,” ती म्हणाली. तिकडे गळ्यापासून बेंबीपर्यंत काहीही दुखलं तरी बायका हेच म्हणतात. तिच्याहून तीन वर्षांनी धाकट्या शेजारणीने, ओकदानने, लगेच तिच्या अंगठ्याला दोरा आवळला, सुईने टोचलं आणि काळसर रक्ताचा थेंब सगळ्यांना दाखवून आता उतरेल म्हणून जाहीर केलं. उतरलं नाही. सत्तर गड्डे भरायचे बाकी असताना पिलन्यो उठली, हात धुतले आणि सुनेला, युनहीला, दवाखान्यात चल म्हणाली.

आपत्कालीन विभागात डॉक्टर ग्वाक होते. वय फार तर अठ्ठावीस, नजर हातातल्या कागदावर. काय होतंय, असं त्यांनी विचारलं आणि जन्माच्या सवयीने पिलन्योच्या तोंडून तेच निघालं, अन्न अडकलंय. तिथेच सगळं बिनसलं. डॉक्टरांनी टोचलेला अंगठा पाहिला, जेवणात काय होतं ते ऐकलं आणि हसले. पुढचे प्रश्न त्यांनी तिच्या डोक्यावरून युनहीलाच विचारले. पोटावर दोन बोटं दाबली.

“किम्चीच्या दिवसांत अशा चार आज्या रोज येतात. मांस जरा बेतानं खायचं, आजी.”

जबडाही दुखतोय, असं तिने हळूच सांगितलं. दातांच्या डॉक्टरांना दाखवा, म्हणाले. पाचक औषधाची बाटली युनहीच्या हातात देऊन ते पडद्याआड गेले.

पिलन्यो बाकावर बसून राहिली. तिला राग आला नव्हता, लाज वाटत होती. भर वर्गात उभं राहून चुकीचं उत्तर दिल्यासारखी. डॉक्टर शिकलेला आहे, त्याचंच खरं असेल, असंही एक मन सांगत होतं. पण या दारातून बाहेर पडलो तर घरापर्यंत पोचणार नाही, हे तिला आतून पक्कं ठाऊक होतं. युनही कोट हातात धरून म्हणत होती, “आई, डॉक्टर म्हणताहेत तर निघू या ना.”

तेवढ्यात ओकदान आली. घरी राहिलेलं विम्याचं कार्ड द्यायला शेजाऱ्याच्या टेम्पोतून निघालेली, होती त्या अवतारात. एप्रन लाल, दोन्ही बाह्या कोपरापर्यंत लाल, गालावर एक लाल फराटा. दारातला पहारेकरी ओरडलाच. दोघे चाकांची खाट घेऊन धावले आणि ओकदानला काही कळायच्या आत आडवी केली. पडदा सरकला, डॉक्टर ग्वाक पळत आले, हृदयाचा आलेख काढायचं यंत्र आलं. मिन नावाची वयस्क नर्स बाही कापायला वाकली आणि थबकली. तिने वास घेतला.

“मावशी, हा तर किम्चीचा मसाला आहे.”

“मग काय असणार? विचारलंत का कुणी?” ओकदान म्हणाली. मग तिला बाकावरची पिलन्यो दिसली, राखेसारख्या रंगाची. ओकदानने खाटेचे दोन्ही गज घट्ट धरले.

“उठा मावशी.”

“उठते. पण या खाटेवर आणि या यंत्राला आधी आमची ताई लागेल. बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या तरी शेवटचा गड्डा भरून मग आडवी झालेली बाई आहे ती. आज सत्तर गड्डे टाकून उठलीय. तिचं अन्नबिन्न अडकलेलं नाही.”

डॉक्टर चिडून काही बोलणार होते. पण नर्स मिन स्वतः त्या सकाळी नव्वद गड्डे मिठात घालून कामावर आली होती. सत्तर गड्डे टाकून उठणं म्हणजे काय, हे तिला समजावून सांगायची गरज नव्हती. तिने पिलन्योला आधार देऊन खाटेवर घेतलं आणि वायरी लावल्या. कागदाची पट्टी सरकू लागली. डॉक्टरांनी ती हातात घेतली आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तासाभरात पिलन्योच्या हृदयाची तुंबलेली नळी मोकळी झाली होती.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर ग्वाक वॉर्डात आले. युनही उभी राहिली, पण ते पिलन्योशेजारी स्टुलावर बसले आणि मान खाली घालून म्हणाले, “माझं चुकलं.”

“अन्न अडकलंय असं मीच म्हणाले होते,” पिलन्यो म्हणाली. “पण जबड्याचं सांगितलं, ते ऐकायला हवं होतंत.”

“आता सांगा. सगळं सांगा.”

तिने सांगितलं. छातीपासून सुरुवात करून गुडघ्यांवर आली, तिथून नवऱ्याच्या घोरण्यावर आणि धाकट्या जावेच्या स्वभावावर. चाळीस मिनिटं झाली. डॉक्टर उठले नाहीत. शेजारच्या खाटेवरच्या बाईनेही मधूनमधून हुंकार दिला.

पिलन्यो त्यानंतर तेवीस हिवाळे परातीपाशी बसली आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षी वसंतात झोपेतच गेली. मसाल्याचा हात आता युनहीचा आहे. मीठ जरा जास्त पडतं, तिला कुणी सांगत नाही. नर्स मिन मुख्य परिचारिका होऊन निवृत्त झाली आणि नातवंडांत रमली. ओकदान नव्वदीला टेकलीय. तिच्या गोष्टीत खाट घेऊन धावणारे आधी दोघे होते, आता सात झालेत. आणि डॉक्टर ग्वाकांनी पुढे जुमुनजिनच्या बंदराजवळ स्वतःचा दवाखाना टाकला. तिथे रांग फार हळू सरकते. कोळणी टोपल्या घेऊन ताटकळतात, कटकट करतात, आणि आपला नंबर आला की आत जाऊन अर्धा तास बाहेर येत नाहीत.