कडू रताळं

शिरड शहापूरजवळच्या तांड्यावर धुरपताबाई पस्तीस वर्षं सुईणपण करत होती. एखादी बाई अडली की ती कळलावीचा कंद सहाणेवर उगाळायची, त्याचा लेप बाळंतिणीच्या तळपायांना लावायची, आणि लेकरू बाहेर आलं की नाळ कापायच्या आधी तो ओल्या फडक्यानं पुसून काढायची. कळा आणते म्हणून कळलावी. पावसाळ्यात बांधावरच्या काटेरी कुंपणावर तिचा वेल चढतो आणि जाळ लागल्यासारखी लाल-पिवळी फुलं येतात. पोरी ती फुलं तोडायला गेल्या की धुरपताबाई ओरडायची. दिसायला नवरी, पण पोटात गेली तर यम, असं ती सगळ्यांना सांगायची.

घरात तिघंच होती. ती, नवरा वसराम आणि सून संगिता. मुलगा जगन हिंगोलीला हळदीच्या मोंढ्यात हमाली करायचा आणि आठवड्यातून एकदा घरी यायचा. संगिता डोंगरकड्याकडची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासूला ती बंजाऱ्यांच्या बोलीत 'याडी' म्हणायची, म्हणजे आई, आणि तिच्यासमोर फारसं बोलायची नाही.

२००१ सालच्या महाशिवरात्रीच्या दोन दिवस आधी धुरपताबाईनं बांधावरून कळलावी खणून आणली. हा कंद नांगरासारखा दुफाट असतो, त्यामुळं तो बघताक्षणी ओळखू येतो. पण लवकर वाळावा म्हणून तिनं तो जोडावर मोडला, तुकडे धुतले आणि चुलीमागं सुपात पसरून ठेवले. शेजारीच उपासाच्या पांढऱ्या रताळ्यांची टोपली होती. शिवरात्रीच्या पहाटे मांजरानं उडी मारली आणि सूप आणि टोपली दोन्ही कलंडली. धुरपताबाईच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, दुसऱ्यानंही धूसरच दिसायचं. तिनं चाचपून सगळं गोळा केलं. हाताला लांबट लागलं ते टोपलीत टाकलं, आखूड लागलं ते सुपात ठेवलं.

संगिता हापशीवर पाण्याला गेली होती, म्हणून रताळी धुरपताबाईनंच उकडली. ती स्वतः संध्याकाळपर्यंत काही खाणार नव्हती. संगिता परत आल्यावर तिनं तिला आणि वसरामला वाढलं. दोन घास खाऊन वसराम थांबला.

"हे कडू लागून राहिलं गं."

"बुडखा आसंल," ती म्हणाली. "गूळ लावून खा. उपासाचं टाकू न्हाई."

वसरामनं गूळ लावला आणि खाल्लं.

दुपारी त्याच्या तोंडात आणि घशात आग सुटली. मग उलट्या सुरू झाल्या, थांबेचनात. थोड्या वेळानं संगिताही अंगणात जाऊन ओकली. रिकाम्या पोटी पित्त खवळलं असेल, असं धुरपताबाईला वाटलं. लिंबू-साखरेचं पाणी करावं म्हणून ती चुलीमागं गेली. साखरेचा डबा चाचपताना तिचा हात सुपात पडला आणि एक तुकडा बोटांना लागला. तो ओळखीचा वाटेना. तिनं तो नाकाशी नेला. नखानं खरवडून जिभेच्या शेंड्याला लावला.

गोड होता.

कळलावीच्या सुपात रताळं होतं. मग टोपलीत काय गेलं होतं, आणि टोपलीतून पातेल्यात काय गेलं होतं? बाहेर वसराम ओकत होता, ते तिला फार लांबून आल्यासारखं ऐकू येत होतं.

तांड्याच्या नायकाची, रूपसिंगची, जीप होती. त्यानं दोघांना आत घातलं आणि हिंगोलीचा रस्ता धरला. काय खाल्लं, असं त्यानं विचारलं. धुरपताबाई म्हणाली, रताळी. पुढचा सगळा रस्ता ती वसरामचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि तिला तोंड उघडता येत नव्हतं. पस्तीस वर्षं तिनं बायकांना सोडवलं होतं. रूपसिंगची दोन्ही लेकरं तिच्याच हातची होती.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होती. तिनं सलाईन लावायला सांगितलं, पाणी कुठलं पिता, शिळं खाल्लं का, असं विचारलं. रूपसिंगनं रताळ्यांचं सांगितलं. ती कागदावर लिहू लागली. धुरपताबाई भिंतीला टेकून उभी होती. तिथूनच ती बोलली.

"रताळं न्हवतं बाई. कळलावी व्हती. म्याच शिजवली."

डॉक्टरीणबाईचा हात थांबला. रूपसिंगनं मान वळवून धुरपताबाईकडं पाहिलं आणि मग खाली बघितलं. किती वाजता खाल्लं, कुणी किती खाल्लं, हे डॉक्टरीणबाईनं विचारून घेतलं. दोघांच्या घशात नळी घालून पोट धुतलं. संध्याकाळी नांदेडला न्यायला सांगितलं. या विषाला उतारा नसतो, शरीर टिकलं तर टिकलं, हे तिनं धुरपताबाईला बाजूला घेऊन सांगितलं, आणि तुम्ही बोललात ते बरं केलंत, असंही म्हणाली.

वसराम तिसऱ्या दिवशी गेला. अपघाती मृत्यू म्हणून पोलिसांनी लिहून घेतलं. जगननं बापाला अग्नी दिला आणि आईला एवढंच विचारलं, "समद्या गावाला शिकवलंस. घरच्याच्या ताटात तुला वळखू आली न्हाई?" त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही. धुरपताबाई रडली नाही. तिला रडू येत नव्हतं. बायका भेटायला यायच्या, ती त्यांच्याकडं बघत राहायची.

संगिता वाचली. आठ दिवसांनी घरी आली. पंधराव्या दिवशी धुरपताबाई तिच्या डोक्याला तेल लावत होती. वेणी सोडायला तिनं हात घातला आणि मुठीत केसांचा पुंजका आला. ओढलाही नव्हता. ती घाबरून हात फिरवत गेली, तसे केस निघतच गेले. दोन दिवसांत पोरीच्या डोक्यावर काही उरलं नाही. केस गळतील आणि परत येतील, असं नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण हे असं होईल ते कुणाला खरं वाटलं नव्हतं. धुरपताबाई केस मांडीवर घेऊन बसली आणि, माझ्याच हातानं झालं, माझ्याच हातानं, असं पुटपुटत राहिली.

संगितानं डोक्यावर पदर घेतला. मग ती म्हणाली.

"मला बी कडू लागलं व्हतं, याडी."

धुरपताबाईनं मान वर केली.

"मामंजी बोलले, तर तुमी त्यास्नी गप केलं. मंग म्या काहून बोलू? गिळलं."

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. आतापर्यंत धुरपताबाई मांजराला, मोतीबिंदूला, मोडलेल्या कंदाला दोष देत आली होती. वसरामनं तर सांगितलं होतं. सून सांगू शकली असती. दोघांचीही तोंडं तिच्याच एका वाक्यानं बंद केली होती. त्या दिवशी ती पहिल्यांदा रडली, आणि संगिता तिच्याजवळ बसून राहिली.

पुढं तिनं सुईणपण सोडलं. कुणी बोलवायला आलं तर ती कळा सुरू झालेल्या बाईला घेऊन रूपसिंगच्या जीपमधून दवाखान्यात जायची आणि बाहेर पायरीवर बसायची. दिवाळीपर्यंत संगिताच्या डोक्यावर बोटभर केस आले. जगन दिवाळीला आला, आईशी न बोलताच तिला डोळ्यांच्या शिबिराला घेऊन गेला आणि येताना हात धरून घेऊन आला.

त्या हिवाळ्यात एकदा जेवताना संगिता म्हणाली, "याडी, डाळीत मीठ जास्त झालं. पण खाता यीन."

धुरपताबाईनं तिच्यापुढचं ताट उचललं, पातेलं उचललं आणि सगळी डाळ अंगणात ओतून दिली. मग पुन्हा चूल पेटवली. डाळ शिजेपर्यंत दोघी तशाच भुकेल्या बसून होत्या.